गाडीचा दिवा : कंदिलापासून एलईडीपर्यंत

आज मी आपणांपुढें मांडणार आहें तो विषय दिसावयास अगदीं लहान आहे. मोटारीच्या पुढच्या दिव्यांत आजवर पिवळसर प्रकाशाचा हॅलोजन बल्ब असे. तो काढून त्याच्या जागीं पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसविण्याची सध्यां सर्वत्र चढाओढ लागली आहे. कोल्हापुरांत उद्यमनगरापासून पुणें-बंगळूर महामार्गाच्या कडेच्या दुकानांपर्यंत कोठेंही जा, चहा पिऊन होईतों हें काम उरकतें. हा बदल चांगला कीं वाईट हा प्रश्न कारागिरानें सोडवावयाचा, त्यांत एका निवृत्त शिक्षकाचें काय काम, असें आपण म्हणाल. परंतु मीं जन्मभर मुलांना इतिहास शिकविला, आणि या लहानशा बल्बाच्या पाठीमागें शंभरांहून अधिक वर्षांचा एक इतिहास उभा आहे, असें मला उशिरां कां होईना, कळून आलें. तोच आज सांगावयाचा आहे.

माझ्या लहानपणीं पंचगंगेच्या कांठच्या आमच्या गांवीं रात्रीं चालणाऱ्या बैलगाडीच्या आंसाला एक कंदील टांगलेला असे. त्या कंदिलाच्या उजेडांत गाडीवानाला रस्ता दिसत असे, असें मात्र नव्हे. वाट बैलांना ठाऊक असे. गाडीवान तर बहुधा डुलक्याच घेत असे. तो कंदील होता तो समोरून वा मागून येणाऱ्यासाठीं. 'येथें एक गाडी आहे, जपून या' एवढेंच तो सांगे. वाहनाच्या दिव्याचीं दोन कामें असतात : आपणांस दिसावें हें एक, आणि दुसऱ्याला आपण दिसावें, पण त्याचे डोळे दिपूं नयेत, हें दुसरें. आमच्या कंदिलाला दुसरें काम येत होतें, पहिलें येत नव्हतें. पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोन कामांची सांगड घालण्याची खटपट होय.

मुंबईंत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. त्या काळच्या मोटारींना घोड्याच्या बग्गीसारखेच तेलाचे दिवे असत. वेग वाढला तसा तो उजेड अपुरा पडूं लागला आणि कार्बाइडचा दिवा पुढें आला. कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत अमेरिकेंत १८९२ सालीं थॉमस विल्सन या गृहस्थाला दुसरेंच कांहीं करूं जातां सांपडली. या खड्यांवर पाण्याचा थेंब थेंब पडला कीं अॅसिटिलीन नांवाचा वायु निघतो आणि मागें चुना उरतो. तो वायु पेटला कीं लख्ख पांढरी ज्योत मिळते. आमच्या पिढीला कार्बाइड ठाऊक आहे तें चोरून आंबे पिकविण्याचें साधन म्हणून. पण एके काळीं याच खड्यांनीं जगांतल्या मोटारींना वाट दाखविली. मात्र दिवा लावावयाचा तर गाडी थांबवून, खालीं उतरून, आगपेटी ओढावी लागे; आणि ती ज्योत पाहिजे तेव्हां खालीं वांकवावी अशी सोय नव्हती.

विजेचा दिवा १८७९ मध्यें एडिसननें व्यवहारांत आणला होता. पण त्याची कोळशाची नाजूक तार मोटारीच्या धक्क्यांनीं तुटून जाई. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यांनीं टंगस्टन या कठीण धातूची चिवट तार ओढण्याची युक्ति साधली आणि ती अडचण दूर झाली. १९१२ मध्यें कॅडिलॅक गाडीला विजेचे दिवे व विजेनेंच इंजिन सुरू करण्याची सोय आली. १९१३ मध्यें जर्मनीच्या बॉश कारखान्यानें डायनामोसह दिव्यांचा संपूर्ण संच बाजारांत आणला. योगायोग असा, कीं आपल्या देशांत मोटारींसंबंधींचा पहिला अखिल भारतीय कायदाही त्याच सुमाराचा, १९१४ सालचा आहे.

येथून खरी अडचण सुरू झाली. दिवे प्रखर झाले आणि समोरच्याचे डोळे दिपूं लागले. त्यावर १९२४ मध्यें उपाय निघाला, तो दोन तारांच्या बल्बाचा. एक तार लांबवर झोत टाकण्यासाठीं, दुसरी तोच झोत खालीं उतरविण्यासाठीं. आपण ज्याला 'डिपर मारणें' म्हणतों त्याचा जन्म हा असा झाला. प्रकाश वाढला त्याबरोबर त्याला लगामही आला, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आपल्या कोल्हापुरांत दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकांत येते. छत्रपति राजाराम महाराजांच्या काळची ही १९३० च्या दशकांतील जर्मन गाडी पाहावयास आबालवृद्धांची गर्दी लोटते. पुढच्या वर्षीं पाहाल तेव्हां क्षणभर तिच्या पुढच्या मोठ्या वाटोळ्या दिव्यांकडेही पाहावें. बाहेर कांच, आंत चकचकीत वाडग्यासारखा परावर्तक आणि त्याच्या बरोबर नाभिस्थानीं बल्ब, हीच त्या काळच्या दिव्यांची रचना. कांच, वाडगा आणि बल्ब हीं तिन्ही एकमेकांसाठीं घडविलेलीं असतात. यांतील एक बदललें कीं उरलेल्या दोहोंचें गणित चुकतें.

पुढें १९५९ मध्यें अमेरिकेंत हॅलोजन बल्बाची युक्ति निघाली. साध्या बल्बांत टंगस्टनची वाफ होऊन ती कांचेवर बसते व कांच काळी पडते. बल्बांत आयोडिनासारखें द्रव्य अल्पसें घातलें कीं तें त्या वाफेला धरून पुन्हां तारेपाशीं आणून सोडतें. त्यामुळें कांच स्वच्छ राहते आणि तार अधिक तापवितां येते. युरोपांत १९६२ मध्यें मोटारीचा पहिला हॅलोजन बल्ब आला, आणि १९७१ मध्यें दोन तारांचा, ज्याला एच-४ म्हणतात तो आला. आपल्याकडील असंख्य मोटारींत व मोटारसायकलींत हाच बल्ब वर्षानुवर्षें जळत आला आहे.

या एच-४ ची खुबी पाहण्यासारखी आहे. त्यांतील डिपरच्या तारेखालीं धातूची एक चिमुकली वाटी असते. तिच्यामुळें प्रकाश वाडग्याच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून परतून रस्त्याकडे खालीं उतरतो. समोरच्या भिंतीवर पाहिलें तर प्रकाशाची वरची कड सुरीनें कापल्यासारखी दिसते. फक्त आपल्या डाव्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या कडेकडे, ती थोडी वर चढते, म्हणजे पायीं जाणारा माणूस नजरेस पडावा. उजव्या अंगाला, जिकडून समोरची गाडी येते, तिकडे ती खालीं राहते. एका नखाएवढ्या वाटीनें कोट्यवधि माणसांचे डोळे सांभाळले आहेत!

एलईडीचा इतिहास निराळा. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी निक होलोनियॅक यांनीं १९६२ मध्यें तयार केला. निळा मात्र १९९० च्या दशकापर्यंत नीट साधला नाहीं. तो साधल्यावरच पांढरा प्रकाश शक्य झाला, आणि त्या कामाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. २००७ पासून मोटारींचे पुढचे दिवे कारखान्यांतूनच एलईडीचे येऊं लागले. वीज थोडी, आयुष्य मोठें, उजेड भरपूर. हा दिवा उत्तम आहे, यांत शंका नाहीं. परंतु कारखान्यानें त्याच्यासाठीं भिंग, परावर्तक आणि उष्णता बाहेर टाकणारी रचना नव्यानें घडविली होती, हें आपण विसरलों.

मीही विसरलों, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याला झाली. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या जुन्या गाडीचे दिवे मंद वाटूं लागले. साठी उलटली कीं डोळ्यांनाही अधिक उजेड लागतो. मीं एका दुकानांत एलईडीचे दोन बल्ब बसवून घेतले. पहिल्या रात्रीं रस्ता दिवसासारखा दिसला आणि मी खूष झालों. गळीत हंगामाचे दिवस होते. गगनबावड्याच्या रस्त्यानें परततांना समोरून सायकलीवर दुधाच्या किटल्या लावून एक मनुष्य येत होता. मीं दिवा डिपरवरच ठेवला होता. तरीही तो एकदम डगमगला आणि सायकलीसह रस्त्याकडेच्या चरींत गेला. मी गाडी थांबवून धांवलों. गुडघा फुटला होता, दूध सांडलें होतें. वर पाहून तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही व्हय? काय बी दिसलं न्हाई बघा." तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याच्या शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. त्याच्या पाठीमागून उंसानें भरलेली ट्रॉली येत होती. तो चरीकडे न वळतां रस्त्याच्या मध्यें पडला असता तर काय झालें असतें, याचा विचार मला पुष्कळ रात्रीं झोंपूं देत नव्हता.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मीं शाळेच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी उभी केली. एका दिव्यांत जुना हॅलोजन घातला, दुसऱ्यांत एलईडी ठेवला, आणि आळीपाळीनें एक एक दिवा झांकून भिंत पाहिली. हॅलोजनची कड सरळ होती. एलईडीचा प्रकाश भिंतीवर वरपर्यंत पसरला होता. कारण साधें होतें. तार ही बारीक, सर्व बाजूंनीं प्रकाशणारी. एलईडीचे चकत्यांसारखे तुकडे मात्र एका पट्टीच्या दोन अंगांना बसविलेले. त्यांची जागा तारेच्या जागीं रेसभरही जुळली नाहीं, तर वाडगा प्रकाश भलतीकडे फेंकतो. आणखी एक गोष्ट : हॅलोजन आपली उष्णता पुढें टाकतो, एलईडीची उष्णता त्याच्या बुडाशीं साठते, म्हणून त्याला पंखा लागतो, आणि बंदिस्त दिव्यांत तो तापून लवकर मंदावतो. शिवाय निळसर पांढरा झोत आंब्याच्या वा आंबोलीच्या धुक्यांत डोळ्यांपुढें भिंतीसारखा उभा राहतो.

मग माझा दिवा मंद कां होता? एका वृद्ध वायरमननें तें अर्ध्या तासांत दाखविलें. तारा जुन्या होऊन बल्बापर्यंत पुरता दाब पोंचत नव्हता. दाब दहा टक्के घटला तर हॅलोजनचा प्रकाश जवळ जवळ तीस टक्के घटतो. त्यानें नवी जाड तार व रिले बसविला, पिवळी पडलेली दिव्याची कांच घांसून स्वच्छ केली, झोत पुन्हां जुळविला. तेच हॅलोजन, आणि रस्ता मला पुरेसा दिसूं लागला!

कायदाही हेंच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यांतील नियमाचा आशय असा, कीं दिव्यापासून आठ मीटरांवर, त्याच्या उजव्या अंगाला अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला तो झोत दिपवूं नये. दीड मीटर! सायकलीवरल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्यावरच असतात. जर्मनींत २०२० मध्यें असा बदलीचा एलईडी बल्ब प्रथमच रस्त्यावर चालेल असा ठरला. तोही सरसकट नव्हे, तर एकेका गाडीच्या एकेका दिव्यांत तपासून, जेथें जुळला त्या गाड्यांपुरताच. तपासणीवांचून विश्वास नाहीं, ही तेथील रीत आहे.

म्हणून एलईडी सर्वत्र टाळावा असें मी म्हणत नाहीं. ज्या गाडीला कारखान्यांतूनच तो आला आहे तेथें तो खुशाल असावा. ब्रेकच्या दिव्यांत तर त्याचा मोठा गुण आहे. साध्या बल्बाची तार पुरती तापावयास सुमारें एकपंचमांश सेकंद लागतो, एलईडी तत्क्षणीं लागतो. ताशीं ऐंशी किलोमीटर वेगानें मागून येणारी गाडी तेवढ्या वेळांत साडेचार मीटरांच्या आसपास पुढें येते. परंतु हा लाभ घ्यावयाचा तर पुरा, त्या गाडीसाठीं मान्य झालेला दिवा घ्यावा. तांबड्या कांचेमागें पांढरा बल्ब खुपसूं नये, कारण त्याच्या प्रकाशांत तांबडा अंश थोडा असल्यानें ब्रेकचा दिवा गुलाबी व फिका दिसतो. वळणाच्या दिव्यांत थोडी वीज घेणारा बल्ब घातला कीं लुकलुक भलत्याच वेगानें होते, हेंही पुष्कळांनीं अनुभविलें असेल.

श्रोतेहो, तेलाची वात, कार्बाइडची ज्योत, विजेची तार, हॅलोजन आणि एलईडी, या वाटेवर विजेची तार आल्यापासून प्रत्येक नव्या प्रकाशाबरोबर माणसानें एक नवा लगामही शोधून काढला. आम्हीं मात्र बाजारांतून नुसता प्रकाश विकत आणला आणि लगाम दुकानांतच सोडला.

हंगाम आला कीं आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर उंसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. कित्येकांच्या मागें एकही दिवा वा चमकती पट्टी नसते. ज्यांना दिवा हवा ते अंधारांत, आणि ज्यांना पुरेसा होता ते दुसऱ्याचे डोळे दिपवीत निघालेले, अशी आजची स्थिति आहे. ट्रॉलीच्या मालकानें मागें एक तांबडी पट्टी लावावी; आपण आपली गाडी एकदां भिंतीसमोर उभी करून झोताची कड पाहावी. आंसाला कंदील टांगणारा तो निरक्षर गाडीवान दुसऱ्याचा विचार करीत होता. आपणही तेवढा करावा, ही विनंति करून मी आपली रजा घेतों.