वसईच्या घंटा आणि ‘परत’ या शब्दाचा अर्थ

सांस्कृतिक वस्तू त्यांच्या मूळ देशी परत पाठवाव्यात, ही मागणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतवादाच्या चिकित्सेचाच एक भाग बनली. तिची नैतिक बाजू बळकट आहे. परंतु ती ज्या भाषेत मांडली जाते, त्या भाषेतील ‘मूळ’ आणि ‘परत’ ही दोन पदे क्वचितच तपासली जातात. वस्तूला एकच उगमस्थान असते आणि तेथे ती पोचली की तिचा अर्थही पूर्ववत होतो, असे या पदांत गृहीत धरलेले असते. आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर-वसई किनाऱ्यावरून बाहेर गेलेल्या काही घंटा हे गृहीतक अडचणीत आणतात.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मराठी कागदपत्रांत या मुलखाला ‘फिरंगाण’ म्हटले आहे. येथे चर्चे आणि मठ उभे राहिले, तशी देवळेही पाडली गेली. घारापुरीच्या लेण्यातील एक शिलालेख याच काळात पोर्तुगालला पाठवला गेला आणि पुढे त्याचा माग लागला नाही. १७३७ साली ठाण्यापासून मराठ्यांची मोहीम सुरू झाली. जानेवारी १७३९ मध्ये माहीम व तारापूर ही ठाणी पडली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्याच वर्षी मे महिन्यात वसईचा कोट चिमाजी अप्पांच्या स्वाधीन झाला. शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मुभा मिळाली.

या विजयाच्या खुणा म्हणून चर्चमधील घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या रामेश्वर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९, तर वाईजवळच्या मेणवलीतील घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची उठावातील आकृती आहे. चर्चची घंटा मनोऱ्यात टांगलेली असते, ठरलेल्या वेळी वाजते आणि साऱ्या वस्तीला प्रार्थनेसाठी बोलावते. देवळातील घंटा सामान्यतः एकेका भक्ताच्या हातून वाजते आणि त्याचे येणे देवाला कळवते. धातू तोच राहिला, मात्र ज्या संकेतव्यवस्थेत त्याचा नाद वाचला जात होता ती बदलली. नाशिकची घंटा ‘नारोशंकराची घंटा’ झाली. या नावात सरदार आहे, चर्च नाही. गोदावरीच्या महापुराचे पाणी घंटेला लागले की ती वाजते, अशी लोकसमजूत तिच्याभोवती तयार झाली. म्हणजे तिला एक नवे, अस्सल स्थानिक चरित्र लाभले. जुनी अक्षरे मात्र पुसली गेली नाहीत. एकाच पृष्ठभागावर दोन संहिता नांदत राहिल्या.

या घंटा परत करावयाच्या झाल्या, तर कोणाला? पोर्तुगाल हा त्यांचा ‘मूळ देश’ ठरवणे सोपे आहे, पण ज्यांच्यासाठी त्या वाजत होत्या ती माणसे वसईचीच होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत, सामवेदी आणि वाडवळी बोलतात, मराठीत लिहितात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा दावेदार असलाच तर तो परका नाही, मराठी समाजाच्या आतला आहे. उलट बाजूने, आज घंटा ज्या देवाची मालमत्ता आहे त्याचाही दावा फेटाळता येत नाही. तमिळनाडूतील पत्तूर येथील नटराजाची मूर्ती १९९१ साली लंडनहून परत आली, तेव्हा देवळाला विधिमान्य व्यक्ती मानून त्याचा दावा तेथील न्यायालयाने ग्राह्य धरला होता. हे तत्त्व चर्चच्याही कामी येते आणि देवळाच्याही. आंतरराष्ट्रीय कायद्याची येथे मदत नाही, कारण १९७० चा युनेस्को करार पूर्वलक्षी नाही.

हा केवळ तात्त्विक पेच नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यात आणली गेली, तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर. ती जेम्स ग्रँट डफ याच्याकडून तेथे पोचली होती. १८१८ नंतर साताऱ्यास राहून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा हाच तो अधिकारी. वस्तू नेणारा आणि तिच्या समाजाचे कथन रचणारा येथे एकच आहे, आणि महाराष्ट्राच्या मागणीचा खरा आधार या विषमतेत आहे. जेत्याने वस्तूबरोबर तिचा अर्थ सांगण्याचा अधिकारही नेला होता. पण हा आधार मान्य केला, तर नाशिक, भीमाशंकर आणि मेणवली येथेही तोच प्रश्न विचारावा लागतो.

१७३९ ची लढाई आणि एकोणिसाव्या शतकातील वसाहती संग्रह यांना एका मापाने मोजता येणार नाही. घंटा आणणाऱ्यांच्या मागे पाडलेल्या देवळांची आठवण होती, आणि त्या कोणत्याही संग्रहालयाच्या कपाटात गेल्या नाहीत, पूजेत राहिल्या. त्यामुळे त्या उतरवून नेणे हा न्याय ठरेलच असे नाही. तीन शतकांचे दुसरे चरित्र पुसणे हीही एक हानीच आहे. मात्र त्यांच्यावरील साल, आकृती आणि अक्षरे यांचा अन्वयार्थ देवळाच्या आवारातच मराठीत लिहिला जाणे, आणि तो लिहिताना वसईच्या ख्रिस्ती समाजाचा शब्द घेतला जाणे, हे शक्य आहे. ‘परत’ या शब्दात वस्तूचे स्थलांतर येते, तसे तिच्याविषयी बोलण्याच्या अधिकाराचे परत येणेही येते. लंडनकडे हा दुसरा अधिकार मागणाऱ्या समाजाने तो आपल्या शेजाऱ्याला नाकारला, तर त्याच्या मागणीत न्यायाची भाषा उरणार नाही, केवळ विजेत्याची भाषा उरेल.