प्रवरेच्या उगमाकडील मुले

प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० साली आरंभिले गेले व १९२६ साली पुरे झाले. त्या पाण्यावर खाली राहुरी-श्रीरामपुराकडील आमचे मळे पिकले. वर डोंगरांतील महादेव कोळी व ठाकर मुलांस मात्र शाळा पुष्कळ काळ दूरच राहिली. १९७२-७३ पासून शासनाने डोंगराळ मुलखांत आश्रमशाळांची योजना हाती घेतली. तेव्हा निरनिराळ्या पाड्यांवरील मुले एकत्र राहू, जेवू व शिकू लागली. सकाळी प्रार्थना व झाडलोट, दिवसा वर्ग, सायंकाळी कबड्डी, सणावारी गाणी व नाच, असा त्यांचा क्रम होय. तरीही भाताच्या आवणीस घरी हात कमी पडले की वर्गांतील एखादी जागा रिकामी होते. ज्यांच्या डोंगरांवरील पावसाने आमचे पाट वाहिले, त्यांच्या लेकरांची ती जागा भरलेली राहावी, हे आम्हां सर्वांवरील ऋण आहे.