मारहाणीचा दावा, अपील आणि मनमाडचा फलाट

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावच्या शिवारात बांधावरून हाणामारी झाली, की तिच्या दोन वाटा फुटतात. पोलिसांत गुन्हा नोंदला की फौजदारी. दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी वसूल करायची, तर भरपाईचा दिवाणी दावा. आरोपी फौजदारीत सुटला म्हणून हा दावा निकाली निघत नाही. इथे संशयातीत पुरावा लागत नाही. कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय, एवढेच न्यायाधीश पाहतात. साक्षीदार मात्र बहुधा दोन्हीकडच्या भावकीतले. त्यामुळे समन्स नीट बजावले का, उलटतपासणी पुरती करू दिली का आणि वरच्या कोर्टाने पुरावा पुन्हा वाचला का, यावरच सगळे अवलंबून असते.

प्रक्रिया निष्पक्ष हवी, ही जाण इंग्रजी कायद्याआधीची आहे. मराठी मुलखात गोतसभेपुढे वाद चालत, आणि स्थानिक गोत प्रतिपक्षाला धार्जिणे आहे असे वाटले, तर दुसरे थळ, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची सभा, मागता येई. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, मसूरच्या पाटिलकीसाठी भांडणाऱ्या बापाजी मुसलमानाने नेमकी हीच हरकत घेतली आणि वाद पैठणला गेला. निकाल नरसोजी जगदाळ्यांच्या बाजूने लागला. वाद वतनाचा होता, मारहाणीचा नव्हता. पण हरणाऱ्याला त्याच्या पसंतीचे थळ मिळाले होते, हे महत्त्वाचे.

निजामाच्या राज्यात नायगावकरांचा पहिला अडसर भाषेचा. 1884 पासून दरबारी कामकाज फारसीऐवजी उर्दूत आले. फिर्यादी मराठी बोलणार, कागद उर्दूत होणार. तहसीलदाराकडे महसुलाबरोबर न्यायाचेही अधिकार असत. ज्याच्या हाती सारावसुली, त्याच्याचपुढे गावच्या पाटलाविरुद्ध तक्रार कोण नेणार? 1921 मध्ये सातव्या निजामाच्या फर्मानाने न्यायखाते महसुलापासून वेगळे झाले. त्या काळातल्या हिंदुस्थानात हे पाऊल खरोखर मोठे होते, आणि त्याचे श्रेय हैदराबादला द्यायलाच हवे. संस्थान विलीन झाल्यावर 1951 मध्ये भारताची दिवाणी प्रक्रिया संहिता इथे लागू झाली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. भाषेच्या दृष्टीने घरवापसीच. अपिलाच्या दृष्टीने मात्र पायपीट वाढली. हैदराबादच्या हायकोर्टाऐवजी आता मुंबई. नायगाव तेव्हा बिलोली तालुक्यात होते. तिथल्या माणसाचे पहिले अपील नांदेडला चाले, त्यात तथ्ये आणि कायदा दोन्ही तपासले जात. दुसऱ्या अपिलासाठी नांदेडहून मीटरगेजने मनमाड, तिथे फलाट बदलून मोठ्या गाडीने मुंबई. वकिलाची फी, मुक्काम, वाढलेली तारीख. काही हजारांच्या भरपाईसाठी एवढा खर्च कोणता शेतमजूर करील? समोरचा धनवान असेल, तर त्याच्या दृष्टीने हे अंतर म्हणजेच अर्धा विजय. त्यात 1976 च्या दुरुस्तीने दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरते मर्यादित झाले.

म्हणून मराठवाड्यातील वकिलांनी आणि लोकांनी हायकोर्टाच्या खंडपीठाची मागणी लावून धरली. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने 27 ऑगस्ट 1981 रोजी औरंगाबादला बैठक सुरू झाली. नांदेड जिल्हा तिच्या कक्षेत आला. नारायण शामराव पुराणिक आणि इतरांनी तिला आव्हान दिले. मुंबई हायकोर्टाने आदेश रद्द ठरवला, पण 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. 1984 मध्ये खंडपीठ कायम झाले.

महाराष्ट्र सरकारने 1994 च्या अधिसूचनेने महिलांना पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ केली, अपिलासह. नवऱ्याच्या वा दिराच्या मारहाणीविरुद्ध दावा लावणाऱ्या बाईला या माफीचा मोठा आधार आहे. मार खाल्लेल्या गरीब पुरुषाला मात्र संहितेच्या ऑर्डर 33 खाली आधी आपली निर्धनता सिद्ध करावी लागते. 1998 पासून मराठी ही कनिष्ठ न्यायालयांची भाषा आहे. हायकोर्टात कामकाज इंग्रजीतच चालते. नायगावच्या साक्षीदाराचा मराठी जबाब तिथे भाषांतर होऊन पोचतो. त्या भाषांतराचा भार पक्षकारावर पडू नये, सरकारने तो उचलावा, ही मागणी आता खंडपीठाच्या मागणीइतक्याच नेटाने व्हायला हवी.