एकनळी बंदूक : निवड, परवाना आणि मर्यादा

एका वेळी एकच काडतूस भरता येणारी हलकी रायफल हे पूर्वीच्या शिकाऱ्यांचे आवडते शस्त्र होते. हरणासाठी कोणती आणि कोल्ह्यासाठी कोणती, याची चर्चा तेव्हा चवीने होत असे. आज आपल्याकडे हा प्रश्न त्या स्वरूपात उरलेला नाही. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. १९७२ साली केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची पद्धतच संपुष्टात आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने आता उरतो तो एवढाच प्रश्न : पीकसंरक्षणासाठी कायदेशीर मार्गाने बंदूक घ्यायची असेल, तर कोणती घ्यावी आणि तिने काय करता येते?

रायफल की बंदूक?

रायफलच्या नळीला आतून पीळदार खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ आणि दूरवर जाते. पॉइंट २२ सारख्या लहान रायफलची गोळीही सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते. मोठ्या रायफलची त्याहून पुष्कळ दूर. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते व तीतून बहुधा छर्रे उडवले जातात. त्यांचा उपयुक्त पल्ला सुमारे ३५ ते ४० मीटरच असतो.

कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा या सपाट किनारपट्टीचा विचार केला, तर हा फरक किती मोलाचा आहे ते ध्यानात येते. केळीची बाग, भाजीचे वाफे, शेजारचे घर, सुरूचे बन आणि किनाऱ्यावर येणारे पर्यटक, सारे एकमेकांना लागून आहेत. चुकलेली गोळी अडवायला मध्ये टेकडी नाही. अशा ठिकाणी रायफलचा विचार सोडलेलाच बरा.

कायद्याचा कलही तोच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी प्रथम ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख येतो. ती पुरेशी नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करता येते.

ठासणीची की काडतुसाची?

ठासणीची बंदूक कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. नळीच्या तोंडातून दारू, बोळा व छर्रे ठासायचे आणि केप लावून बार उडवायचा, ही तिची रीत. ती स्वस्त असते. परंतु पावसाळ्यात दारू सर्दावते आणि भरायला वेळ लागतो. तिच्यात काळी दारूच वापरावी. काडतुसातील धूरविरहित दारू काढून ठासल्यास नळी फुटून हात वा डोळा जाण्याचा धोका असतो.

काडतुसाची एकनळी बंदूक सांध्यातून मोडून उघडते. ती रिकामी आहे की भरलेली, हे उघडताच दिसते; हाच तिचा मोठा गुण. आपल्याकडे १२ बोअरचा प्रसार सर्वाधिक आहे. एक पौंड शिशाच्या समान १२ गोळ्या केल्यास त्यांतील एकीचा जो व्यास, तो या नळीचा व्यास. म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे या बोअरमध्ये प्रसिद्ध आहेत.

विकत घेताना काय पाहावे?

बंदूक बंद केल्यावर नळी व दस्ता यांच्यामध्ये हालचाल जाणवता कामा नये. नळी उजेडाकडे धरून आत पोचा, फुगवटा वा गंजाचे खड्डे नाहीत याची खात्री करावी. निर्मात्याचे नाव व क्रमांक स्पष्ट असावा आणि तो परवान्यावरील नोंदीशी जुळावा. जुनी बंदूक घेताना काडतूस बसते त्या घराची लांबी अवश्य तपासून घ्यावी. ६५ मिलिमीटरच्या घरात ७० मिलिमीटरचे काडतूस बसल्यासारखे वाटते. मात्र बार होताना ते पूर्ण उलगडू शकत नाही व दाब धोकादायक वाढतो. दस्ता खांद्याला सहज लागावा. घोडा फार हलका नसावा.

परवाना कोठे?

जिल्ह्यात सामान्यतः जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त हे परवाना प्राधिकारी असतात. मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून अस्तित्वात आले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. वसईकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली घोषित झाले. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती लागते. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी आपल्या गावाचे अंतर वनविभागाकडून जाणून घ्यावे.

बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे

बहुतेक गैरसमज येथेच होतात. शस्त्र बाळगण्याचा परवाना एका कायद्याखाली मिळतो. वन्य प्राणी मारण्याची मनाई दुसऱ्या कायद्याने केलेली आहे. चितळ, सांबर, भेकर यांसारखे हरिणवर्गीय प्राणी, तसेच कोल्हा आणि त्याहून लहान असलेले खोकड, हे सर्व संरक्षित आहेत. पिकाची नासधूस करणारे रानडुक्करही २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला मारण्यासाठी कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश हवा. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने प्राणी मारावा लागला, तर तो गुन्हा ठरत नाही. परंतु तो मृत प्राणी सरकारची मालमत्ता असतो.

म्हणून पीकसंरक्षणाची बंदूक ही प्रामुख्याने आवाजाने जनावर पिटाळण्याचे साधन समजावी. अंधारात झुडूप हलले म्हणून चाप ओढू नये. तेथे शेजारी किंवा त्याचे गुरू असू शकते. बंदूक व काडतुसे वेगवेगळ्या ठिकाणी कुलूपबंद ठेवावीत. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आल्यास पाळावी व पावती जपून ठेवावी. पिकाचे नुकसान झाले असेल, तर विलंब न करता वनविभागाकडे तक्रार नोंदवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईचा मार्ग तेथूनच सुरू होतो.