दवंडी, हलगी आणि डेसिबल

बारामती आणि इंदापूर, दोन्ही नगरपालिका 1865 सालच्या. त्यांचा इतिहास लिहिणारे दिवाबत्ती लिहितात, नळ लिहितात, नीरेचा डावा कालवा लिहितात. मोरोपंत बारामतीत बसून आर्या रचत होते, हेही लिहितात. गावाचा आवाज कुणी लिहीत नाही. कुणी बोलायचं, कुणी वाजवायचं आणि कुणी तोंड दाबून बसायचं, याचे कायदे नगरपालिकेच्या कितीतरी आधी होते. बरेचसे कागदावर नव्हते. आपल्या बापजाद्यांच्या पाठीवर होते.

एक कायदा मात्र पोथीत आहे. गौतम धर्मसूत्र सांगतं, शूद्रानं मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओता. त्यानं तो उच्चारला तर जीभ छाटा. आवाजाचं नियमन म्हणतात ते हेच की! फक्त इथं म्हणणाऱ्याला शिक्षा नाही, ऐकणाऱ्याला आहे. आजचा कायदा कानाचं रक्षण करतो. त्या कायद्यानं कानच गुन्हेगार धरला.

मग गावकी आली. येसकराची पाळी असली की हातात घुंगराची काठी. ती वाजली की घरातल्यांना कळायचं, महार आला, भाकरी वरून टाका. म्हणजे आपल्या येण्याची सूचना आपणच वाजवून द्यायची. सरकारी हुकूम आला, द्या दवंडी. सारा भरायचाय, द्या दवंडी. गावात मयत झाली, परगावच्या पाव्हण्यांना सांगायला धावा. 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी आकारणी लावली. पुढं तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली, असं पुस्तकं कौतुकानं सांगतात. पण सरकारचा हुकूम गावात पोचायचा तो आपल्याच गळ्यातून. लाऊडस्पीकर निघण्याआधी या देशात लाऊडस्पीकर होता. त्याला भाकरीवर चालवत होते. त्या गळ्यातून अख्ख्या गावाचं बोलणं बाहेर पडायचं, त्याचं स्वतःचं एक वाक्य सोडून.

मांगाची हलगी, होलाराची सनई, त्यांचीही हीच कथा. लग्न पाटलाचं, फुंकून गाल फाटायचे ह्यांचे. पंगत उठली की उरलंसुरलं पदरात. आणि त्याच माणसानं स्वतःच्या पोराची वरात वाजतगाजत वेशीतून काढायची म्हटली की काठ्या निघायच्या. हुकमानं वाजवणं हा धर्म, मर्जीनं वाजवणं हा माज. सगळा जुना कायदा या एका ओळीत मावतो.

1928 सालच्या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघा. त्या वर्षी जानेवारीत इंदूरकडच्या बलाई लोकांवर सवर्णांनी लादलेल्या अटी छापून आल्या. बाबासाहेबांनी पुढं ‘जातिसंहारा’च्या भाषणात त्या जगापुढं मांडल्या. त्यात एक अट अशी : हिंदूंच्या सगळ्या लग्नांत बलायांनी वाजवलंच पाहिजे. बलायांनी अटी मानल्या नाहीत, तर त्यांचं पाणी तोडलं, वाट अडवली. त्याच वर्षी 14 एप्रिलला पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. एकीकडं सक्तीचं वाजवणं. दुसरीकडं आपल्या माणसासाठी, आपल्या मनानं काढलेला पहिला आवाज. जयंतीची मुळं इथं आहेत. म्हणून तिचा आवाज ही आपल्यासाठी हौसेची गोष्ट कधीच नव्हती.

इंग्रज सरकारला आवाजाचा प्रश्न पडला तो दंगल झाल्यावर. 1894 साली पुण्यात गणपतीच्या मेळ्याच्या वाद्यांवरून मशिदीपाशी मारामारी झाली. मग कुठल्या रस्त्यानं वाजवायचं आणि कुठं थांबायचं, याचे हुकूम निघाले. सरकारपुढं बाजू दोनच, मंदिरवाले आणि मशिदवाले. गावकुसाबाहेरचा माणूस त्या कागदात नाही. स्वातंत्र्यानंतर 1951 चा मुंबई पोलीस कायदा आला. आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याच्या कलम 33 आणि 38 नं वाद्यं, कर्णे आणि गोंगाट यांवर पोलिसांना अधिकार दिले. पण किती आवाज म्हणजे गोंगाट, हे साहेबाच्या कानावर. आणि साहेबाचा कान कुठल्या आळीत वाढला, त्यावर सगळं.

हे ठळकपणे बदललं 2000 साली. केंद्र सरकारच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आवाजाला आकडे लावले. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. बाजारात 65 आणि 55. कारखान्यांच्या भागात 75 आणि 70. शांतता क्षेत्रात, म्हणजे दवाखाना, शाळा आणि कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत, 50 आणि 40. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. 2002 च्या दुरुस्तीनं वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देता येते. इतर वेळीही जिथं कर्णा लागला त्या जागेच्या हद्दीवर आवाज 75 च्या वर जाता कामा नये. डेसिबलचं गणित फसवं असतं. दहा वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट झाली, वीस वाढले म्हणजे शंभरपट. कारखान्याच्या आत कामगाराला आठ तासांसाठी मर्यादा आहे 90 ची. खात्यात उभं राहणाऱ्याला विचारा, घरी गेल्यावर कानात काय वाजत राहतं ते. जयंतीला आपण लावतो ती डीजेची भिंत या 90 च्याही वर जाते, आणि ती उभी राहते आपल्याच गल्लीत, पत्र्याच्या खोल्यांसमोर. आत बाळंतीण असते, म्हातारा असतो, परीक्षेचं पोरगं असतं.

2005 साली सर्वोच्च न्यायालयानं या नियमांवर मोठा निकाल दिला. ते प्रकरण सुरू झालं 1998 सालच्या एका बातमीवरून. तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार होत होता. ती ओरडत होती. शेजारी कर्णे लावलेले, कुणाला ऐकूच गेलं नाही. पुढं तिनं जाळून घेतलं. दोस्तहो, मोठा आवाज पहिल्यांदा दुबळ्याचाच आवाज खातो. ज्या समाजाची किंकाळी हजारो वर्षं कुणी ऐकली नाही, त्यानं हे विसरू नये.

आपल्यातले काही म्हणतील, कायदा बरा आपल्याच मिरवणुकीला आठवतो! त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. मे 2015 मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. भांडण पेटलं मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून. त्या रिंगटोनचे डेसिबल किती होते? तिथं आवाज मोठा नव्हता, नाव मोठं होतं. मीटरला जात नसते, पण मीटर धरणाऱ्या हाताला असू शकते.

म्हणून मीटर नको, असं म्हणायचं? उलट मीटर मागा. नवरात्रात मागा, गणपतीत मागा, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मागा आणि आपल्या जयंतीलाही मागा. बारामती असो की इंदापूर, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आकडा पंचनाम्यात लिहायला लावा. सवलतीच्या दिवसांची यादी मिळवा. चौदा एप्रिल तिच्यात आहे का, बघा. नसला तर त्यासाठी भांडा. ज्याचा स्वतःचा आकडा कायद्यात आहे, त्यालाच दुसऱ्याचा आकडा विचारता येतो.

तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. लाखो माणसं टाळ-मृदंगावर चालतात. डीजे नसला म्हणून ती कुणाला लहान वाटत नाही. त्याच वाटेवर चोखोबाचे अभंग घोळले गेले आणि चोखोबाची माणसं मात्र 1947 पर्यंत पंढरीच्या देवळाबाहेर राहिली. अभंगाला आत वाट, माणसाला नाही. ते कवाड उघडायला आपल्याला बोलावं लागलं. आणि आपण बोललो. भीमराव कर्डकांचे जलसे काय घेऊन गावोगाव गेले? गळा आणि ढोलकी. शेवटच्या रांगेतल्या बाईला शब्द न् शब्द कळत होता, म्हणून ती घरी जाऊन मेलेलं ढोर ओढायला नको म्हणाली. डीजेच्या भिंतीतून शब्द बाहेर येत नाही, नुसता दणका येतो. दणक्यानं काच फुटते, गुलामी फुटत नाही.

येत्या चौदा एप्रिलला आपल्या गल्लीत जलसा लावा. हलगी वाजवा, पण आपल्या मर्जीनं, आपल्या माणसासाठी. दहा वाजता थांबवा आणि बोलत बसा. दवंडीवाल्याच्या नातवाला आता स्वतःचं वाक्य आहे. ते ऐकू जाईल एवढी शांतता आपणच राखली पाहिजे.

जयभीम!