खारपाणपट्ट्यातील गोडे पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांचा मोठा भाग ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो. येथे विहीर खोदल्यास पाणी लागते. मात्र ते पिकांना वा गुरांना मानवेलच, असे नाही. पावसाचे पाणी साठवण्याचे मोल अशा मुलखात विशेष जाणवते.

भूगर्भातील या पाण्यात सोडियमचे क्षार अधिक असतात. ते काळ्या जमिनीस वारंवार दिले, तर सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, कण सुटे होऊन छिद्रे बुजतात आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी टणक बनते. पुढे जिप्सम टाकून ती सुधारण्याचा खर्च करावा लागतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे हा धोका टळतो.

शेततळ्याचा उपयोग येथेच होतो. 30 मीटर लांब, तितकेच रुंद व 3 मीटर खोल, उतरत्या बाजूंच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. बाष्पीभवन व पाझर यांत निम्मे गेले, तरी उरलेल्या पाण्यातून 5 एकर हरभऱ्यास 50 मिलिमीटरचे एक संरक्षित पाणी देता येते. कोरडवाहू हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुमारास मिळालेले असे एक पाणी उत्पन्नात मोठा फरक पाडते.

गुरांचा प्रश्न वेगळा, आणि बहुधा दुर्लक्षित. लिटरमागे 5 हजार मिलिग्रॅमहून अधिक क्षार असलेले पाणी गाभण व दुभत्या जनावरांना देऊ नये. त्याने हगवण लागते, खाणे घटते, दूधही आटते. गोठ्याचे 50 चौरस मीटरचे पत्र्याचे छप्पर 750 मिलिमीटर पावसात, गळती वजा जाता, सुमारे 30 हजार लिटर पाणी देते. बैलजोडीस दिवसाला 100 लिटर धरले, तर हे पाणी 300 दिवसांचे झाले! अडचण साठवणुकीची आहे. सगळे पाणी चार महिन्यांतच येते. तरीही 12 हजार लिटरची टाकी असल्यास फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतची निकड भागते.

पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छपरावरील धूळ व विष्ठा घेऊन येते. ते टाकीत न घेता वाहू द्यावे. टाकी झाकलेली असावी, अन्यथा शेवाळ धरते. शेततळ्याला मात्र कुंपण हवेच. निसरड्या काठावरून पाण्यात गेलेले जनावर सहजासहजी वर येत नाही; त्यामुळे पाणी बाहेर हौदात काढून पाजावे.