कोंकणच्या आगबोटी व आपलीं माणसें

ज्या गांवास समुद्र नाहीं, त्या गांवच्या ख्रिस्तमंदिराच्या ज्युबिली-स्मरणिकेंत आगबोटींचा इतिहास कां यावा, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. संत तुकाराम नगरास जवळचें पाणी म्हणजे पवनेचें, आणि तींतून कधीं आगबोट चालल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं. परंतु आमच्या कचेरींतील बाप्तिस्म्याचीं व विवाहाचीं जुनीं पुस्तकें उघडून पाहिलीं, तर आईबापांच्या मूळ गांवांच्या रकान्यांत वेंगुर्लें, मालवण, सावंतवाडी, बारदेश, साष्टी हीं नांवें पुनःपुन्हां भेटतात. हीं माणसें घाट उतरून थेट पिंपरीस आलीं नाहींत. प्रथम तीं मुंबईस आलीं. कोणी गिरणींत, कोणी गोदींत, कोणी साहेबाच्या स्वयंपाकघरांत राबलीं. पुढें १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, त्याच्या मागून चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथें यंत्रांचे कारखाने उभे राहिले, आणि तीं कुटुंबें कामामागें इकडे सरकलीं. म्हणजे आपल्यांतील कित्येकांच्या घराण्याचा पहिला प्रवास पाण्यावरचा आहे. मंदिराच्या पायाचा दगड बसण्यापूर्वींची ही हकीकत असल्यानें ती येथें सांगणें आम्हांस उचित वाटतें.

कोंकणपट्टींत रस्ते कमी व खाड्या पुष्कळ. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पायवाटेनें जावयाचें तर वाटेंत दोन-तीन तरी उतरावे लागत. म्हणून एकोणिसाव्या शतकांत वाफेच्या नौका सुरू झाल्या, तेव्हां कोंकणास समुद्र हाच राजमार्ग झाला. आरंभीं शेफर्ड कंपनीच्या व पुढें बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबईहून निघून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें असे मुक्काम घेत पणजीस जात. पावसाळा सुरू झाला कीं ही वाट बंद होई व नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला म्हणजे पुन्हां उघडे. म्हणून मुंबईच्या चाकरमान्याची रजा, मुलीचें लग्न आणि गांवच्या संताचा सण, ह्या सर्वांचा मेळ आगबोटीच्या हंगामाशीं घालावा लागे.

मुंबईंत आगबोटीवर चढावयाचें स्थान म्हणजे भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ या गृहस्थांनीं बांधलेल्या धक्क्यास लोकांनीं त्यांचें नांव दिलें, आणि धक्क्याची जागा बदलली तरी नांव टिकून राहिलें. आमच्या धर्मग्रामांतील वडील माणसांशीं बोलतांना असें दिसून आलें कीं, आगबोटीचें नांव काढतांच त्यांच्या मुद्रा उजळतात आणि सर्वांच्या आठवणी ह्याच धक्क्यापासून सुरू होतात. भल्या पहाटे वळकटी, पत्र्याची ट्रंक व शिदोरीचा डबा घेऊन रांगेंत उभें राहावयाचें. फळी पडतांच धांवत जाऊन डेकवर चटई अंथरून जागा धरावयाची. आणि एकदां भोंगा वाजला कीं धक्क्यावरच्या माणसांकडे दिसेनासें होईपर्यंत रुमाल हालवावयाचा. पुढचें दुःख वेगळें. मराठींत ओकारीस 'बोट लागणें' म्हणतात. हा शब्दप्रयोग ज्यांनीं डेकवर एक रात्र काढली त्यांस समजावून सांगावा लागत नाहीं. एका वृद्ध भगिनींनीं आम्हांस सांगितलें कीं, त्यांच्या आईनें पदरांत चार लिंबें बांधून घेतलीं होतीं. तीं वेंगुर्ल्यापर्यंत पुरलीं नाहींत, कारण शेजारच्या अनोळखी बाईच्या मुलांस तीं द्यावीं लागलीं.

बहुतेक बंदरांत पाणी उथळ असल्यानें आगबोट दूर नांगर टाकी, आणि उतारूंस पडावांतून किनाऱ्यावर नेत. रात्रीच्या वेळीं, हेलकावणाऱ्या शिडीवरून हेलकावणाऱ्या पडावांत पाय टाकणें हें धैर्याचें काम होतें. लेंकरें खलाशांच्या हातून खालीं दिलीं जात. तो हात मालवणच्या हिंदु गाबिताचा असो, रत्नागिरीच्या मुसलमान दर्यावर्द्याचा असो किंवा गोव्याच्या ख्रिस्ती खलाशाचा असो, आईनें त्या घटकेस जात विचारल्याचें कोणी सांगत नाहीं. संध्याकाळीं डेकच्या एका टोकास आपलीं माणसें गुडघे टेकून रोझरी म्हणत, दुसऱ्या टोकास टाळ वाजवून भजन चाले, आणि कोणी नमाजासाठीं चटई पसरी. एकाच लाकडी फळ्यांवर हें सर्व होत असे.

ह्या फळ्यांवर मालकी कोणाची, हाही प्रश्न त्या काळीं उत्पन्न झाला. परकीय भांडवलाच्या कंपनीस तोंड देण्यासाठीं कांहीं स्वदेशाभिमानी गृहस्थांनीं सहकारी तत्त्वावर आगबोटींची कंपनी उभारली. कोंकणी माणसानें तिला 'माझी आगबोट कंपनी' असें लाडकें नांव दिलें. तिच्या नौकांचीं नांवें ध्यानांत घेण्यासारखीं आहेत. 'रामदास' व 'तुकाराम' हीं जशीं होतीं, तशींच 'सेंट अँथनी' व 'सेंट फ्रान्सिस' हींही. वारकऱ्यास आपला संत दिसावा आणि गोंयकारास आपला, अशी ती योजना होती. नाव आणि नांव यांत लिहितांना एका अनुस्वाराचाच भेद. परंतु ज्या नावेवर आपल्या संताचें नांव आहे, तींत पाऊल टाकतांना मनुष्याचें भय निम्में होतें. आज आपण ज्या नगरांत राहतों त्यासही त्याच देहूच्या संताचें नांव आहे, आणि दर वर्षीं त्याची पालखी आकुर्डीच्या मुक्कामानंतर आपल्या पिंपरीवरूनच पुण्यास जाते.

परंतु नांव कितीही पवित्र असलें तरी तें समुद्रास आवरीत नाहीं. १९२७ सालच्या ११ नोव्हेंबर रोजीं वादळांत 'जयंती' व 'तुकाराम' ह्या दोन्ही आगबोटी बुडाल्या. देहूच्या तुकोबांची गाथा इंद्रायणीच्या डोहांतून तेरा दिवसांनीं कोरडी वर आली, अशी वारकरी बांधवांची श्रद्धा आहे. त्यांच्या नांवाची आगबोट मात्र वर आली नाहीं.

त्याहून मोठा घाला वीस वर्षांनीं पडला. 'रामदास' ही १९३६ सालीं इंग्लंडांत बांधलेली आगबोट. १९४७ च्या जुलै महिन्याच्या १७ तारखेस, स्वातंत्र्यास एक महिनाही उरला नसतां, ती सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढाची अमावास्या तोंडावर आलेली, गांवीं जाणाऱ्यांची गर्दी दाट, आणि आकाश भरलेलें. धक्का सोडून फार वेळ झाला नाहीं तोंच, काशाच्या खडकाजवळ, वादळी पावसांत लाटांच्या तडाख्यानें ती कलंडली. घाबरलेले उतारू एका बाजूस धांवले आणि तिचा तोल गेला. सहाशेंहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. त्यामुळें मुंबईस कित्येक तास कांहींच कळलें नाहीं. त्या भागांत मासळी घेऊन येणाऱ्या कोळी बांधवांनीं आपल्या होड्या मोकळ्या करून जितक्यांस ओढून घेतां आलें तितक्यांस घेतलें. पुढें आगबोटींवर बिनतारी यंत्र असावें व भर पावसाळ्यांत अशी वाहतूक चालूं नये, असा आग्रह धरण्यांत आला. हा शहाणपणा ज्या किंमतीस मिळाला ती किंमत फार मोठी होती.

ह्या प्रसंगांतील एक गोष्ट आम्हांस फार दिवस टोंचीत आली आहे. 'रामदास'वर त्या दिवशीं नेमकीं किती माणसें होतीं, याविषयीं निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळे आंकडे सांपडतात. शेंकडों माणसें एका नावेंत बसून निघालीं आणि त्यांची मोजदाददेखील एकसारखी उरली नाहीं! ज्या मेंढपाळानें शंभरांतील एक चुकलें हें ओळखलें, त्यानें आधीं शंभर मोजलीं असलीं पाहिजेत, हें आपण विसरतों.

सेमिनरींत आम्हांस शिकविलें गेलें कीं, तेर्तुल्लियान ह्या प्राचीन ख्रिस्ती लेखकानें शिष्यांच्या तारवास ख्रिस्तसभेचें प्रतीक म्हटलें आहे. आणि मंदिराच्या ज्या मधल्या भागांत आपण मिस्सेस बसतों, त्याचें पाश्चात्त्य भाषांतील नांवही नौकावाचक लॅटिन शब्दापासून आलें आहे, असें मानतात. प्रभु येशूनें वादळ शांत केल्याची कथा आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु संत मार्काच्या शुभवर्तमानांत तेथें एक लहानसा उल्लेख आहे, तो आम्हीं पुष्कळ वर्षें वाचून न वाचल्यासारखा केला. प्रभूच्या तारवाबरोबर दुसरींही तारवें त्या सरोवरांत होतीं, असें मार्क सांगतो. प्रभूनें वाऱ्यास धमकाविलें तेव्हां शांति केवळ शिष्यांच्या तारवास मिळाली नाहीं. त्या इतर तारवांनाही तेंच निवळलेलें पाणी मिळालें. त्यांत कोण होतें हें कोणी लिहून ठेविलें नाहीं. 'रामदास' व 'तुकाराम' यांतील माणसें आम्हांस त्या दुसऱ्या तारवांतलीं वाटतात, आणि त्यांच्यासाठीं प्रार्थना करणें हें आमचें कर्तव्य वाटतें.

यापुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १९५२ च्या डिसेंबरांत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचें दर्शन खुलें झालें, तेव्हां मुंबईचे पुष्कळ भाविक आगबोटीनेंच गोव्यास गेले. लवकरच राजकीय तंट्यामुळें १९५५ सालापासून भारत व पोर्तुगीज गोवा यांमधील नित्याची वाट तुटली, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त होईपर्यंत कित्येक मुलांस आईबापांच्या अंत्यविधीसही जातां आलें नाहीं. मुक्तीनंतर चौगुले कंपनीच्या 'कोंकण सेवक' व 'कोंकण शक्ति' ह्या नव्या बोटी या मार्गावर आल्या. पुढें त्या मोगल लाइन ह्या सरकारी कंपनीकडून चालविण्यांत आल्या. आम्हीही बालपणीं एकदां 'कोंकण शक्ति'नें गेलों. बोटीची लांबीरुंदी आतां स्मरत नाहीं. एवढेंच स्मरतें कीं चढतांना आमच्या मातोश्रींनीं पदराचें टोंक आमच्या मनगटास बांधलें होतें, आणि पणजीचा धक्का येईपर्यंत सोडलें नाहीं.

रस्ते सुधारले, एस्. टी. व खाजगी गाड्या वाढल्या, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ही जुनी सेवा बंद पडली. मध्यंतरीं १९९० नंतर दमानिया कंपनीच्या वेगवान कॅटामरान नौकेनें ती वाट पुन्हां उघडून पाहिली, पण ती टिकली नाहीं. १९९८ च्या २६ जानेवारीस कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला आणि आगबोटीचें युग संपलें. गोव्यांत मोटारींसह माणसें पार करणाऱ्या फेरीबोटींसही हेंच भोगावें लागलें. मांडवीवर १९७० सालीं पूल झाला व जुवारीवर १९८३ सालीं. आगशी-कुठ्ठाळीच्या तरीवर तासन्‌तास तिष्ठणाऱ्या गाड्या दिसेनाशा झाल्या. परंतु ५ जुलै १९८६ रोजीं मांडवीचा पूल कोसळला, तेव्हां पणजी आणि बेतीं यांमध्यें निवृत्त झालेल्या फेरीबोटीसच पुन्हां हांक मारावी लागली. २००३ पासून दाभोळ-धोपावें येथें आणि २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा असा मोटारी वाहून नेणाऱ्या नौकांचा नवा क्रम सुरू झाला आहे. 'रामदास' ज्या पाण्यांत गेली त्याच बाजूनें आज आपले तरुण मोटारसायकलीसह अलिबागेस सहलीला जातात.

जुन्या वस्तूचें कौतुक करावें व स्वस्थ बसावें, एवढ्यासाठीं आम्हीं हें लिहिलें नाहीं. ज्युबिलीच्या वर्षीं आमची धर्मग्रामास दोन मागणीं आहेत. ज्यांच्या घरीं आगबोटीनें आलेलीं आजी-आजोबा अद्याप आहेत, त्यांनीं त्यांच्या तोंडून बोटीचें नांव, चढल्या-उतरल्याचें बंदर व वर्ष हें लिहून घेऊन आमच्या कचेरींत द्यावें. तीं पानें आम्ही धर्मग्रामाच्या दप्तरांत जपून ठेवूं. दुसरें असें कीं, दर वर्षीं जुलैच्या १७ तारखेस सकाळच्या मिस्सेंत, समुद्रांत गेलेल्या सर्व उतारूंसाठीं, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, एक विनंती केली जाईल; तिला शक्य तितक्यांनीं उपस्थित राहावें. त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत, पण परमेश्वराच्या पुस्तकांत तीं लिहिलेलीं आहेत, अशी आमची श्रद्धा आहे. आपल्या ह्या लहानशा तारवांत प्रत्येक माणूस मोजला जावो, आणि शेजारच्या तारवाकडे आपलें लक्ष असो, एवढेंच मागून आम्ही लेखणी खालीं ठेवितों.